आयलंडच्या आधी आठ दिवस बाज टाका

प्रश्न : ताई, आमचं गाव दारव्हा तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. जुनं मातीचं घर पाडून नवीन बांधतो आहोत. स्लॅब झाला, प्लास्टर झालं, फरशी राहिली. मृग लागायच्या आत राहायला जायचं आहे. स्वयंपाकघर आतून १५ बाय १२ निघालं. एवढं मोठं स्वयंपाकघर आमच्या खानदानात कोणाचं नाही. पूर्वेच्या भिंतीला बारा फुटांचा अख्खा ओटा आहे. पश्चिमेच्या भिंतीला फ्रिज आणि मांडणी. दक्षिणेचं दार माजघरात उघडतं, उत्तरेचं परसात. मोरी, चूल, पाण्याची टाकी सगळं तिकडेच. आमचे हे पुण्याला मावसभावाकडे जाऊन आले तेव्हापासून आयलंडचा धोशा लावला आहे. मधोमध सहा बाय तीनचा ओटा, त्यावर गॅस, समोर तीन उंच खुर्च्या. मिस्त्री म्हणतात, करायचंच तर आठ बाय चार करा, खोली भरल्यासारखी वाटते. जाऊबाई म्हणतात गॅस नको, त्यावर सिंक घ्या. सासूबाईंना खाली बसून विळीवर चिरायची सवय. त्या काही बोलत नाहीत, पण रोज संध्याकाळी येतात, मधल्या मोकळ्या जागेकडे पाहतात आणि जातात. घरात आम्ही सात माणसं, वेचणीच्या दिवसांत पंधरा-वीस जणांचा स्वयंपाक. आयलंड किती मोठं करू, त्यावर काय घेऊ, आणि करू का नको?
— एक वाचक

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य सासूबाईंचं आहे, आणि त्यात त्या एक शब्द बोललेल्या नाहीत. त्या जी जागा पाहून जातात, तिचंच माप आज आपल्याला काढायचं आहे. आयलंड केवढं, हे सगळे विचारतात. मी बावीस वर्षं अमरावतीत घरांचे नकाशे काढते आहे, आणि आयलंड झाल्यावर भोवती काय उरणार, हे विचारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. तुमच्या सासूबाई रोज संध्याकाळी येऊन तेच विचारतात.

आधी बेरीज-वजाबाकी करू. पूर्व-पश्चिम १५ फूट. त्यातून ओट्याचे २ फूट गेले, फ्रिज आणि मांडणीचे अडीच फूट गेले. उरले साडेदहा. उत्तर-दक्षिण पूर्ण १२ फूट आहेत, पण दोन्ही टोकांना दारं आहेत, म्हणजे तिकडे काही ठेवता येत नाही.

आता मिस्त्रींचं आठ बाय चार मध्ये ठेवा. लांबी ओट्याला समांतर. दोन्ही बाजूंना सव्वातीन-सव्वातीन फूट उरतात, आणि दोन्ही टोकांना दोन-दोन फूट. दोन फुटांत माणूस आडवा होऊन जातो. हातात पाण्याने भरलेला गुंड असेल तर तोही जात नाही. खोली भरल्यासारखी वाटेल हे मिस्त्रींचं म्हणणं अगदी बरोबर आहे. हा पर्याय इथेच सोडू.

तुमच्या यजमानांचं सहा बाय तीन कागदावर बसतं, हे मान्य करायला हवं. दोन्ही बाजूंना पावणेचार फूट, टोकांना तीन-तीन फूट. पण कागदावर फ्रिजचं दार बंद असतं. साध्या फ्रिजचं दार उघडलं की दोन फूट बाहेर येतं. पावणेचारातून दोन गेले, उरले पावणेदोन. आणि माजघरातून परसात जायची वाट नेमकी तिथूनच आहे. सकाळी सात वाजता एक जण दूध काढायला फ्रिज उघडून उभी, दुसरी परसातून पाणी घेऊन येते आहे, पोरगं शाळेची बॅग घेऊन मोरीकडे पळतं आहे. त्यात तीन उंच खुर्च्या कुठे ठेवायच्या ते यजमानांनाच विचारा. ओढलेल्या खुर्चीवर माणूस बसला की त्याच्या पाठीमागून चालत जायला ओट्याच्या काठापासून साधारण पावणेचार फूट लागतात. म्हणजे सगळी वाट खुर्चीच खाऊन टाकते, फ्रिज उघडायचाच नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या सख्ख्या भावाच्या घरी, वरुडकडे, मीच सात बाय साडेतीनचं आयलंड आखून दिलं होतं. संत्र्याचा बहार चांगला गेला होता, भाऊ खूश होता, मीही जरा हवेत होते. काळा ग्रॅनाइट, खाली विटांचं बांधकाम, सगळं पक्कं. घर लागलं त्या दिवशी वहिनीने फ्रिज उघडला आणि दार अर्ध्यावर आयलंडच्या काठाला जाऊन टेकलं. दूध निघतं, पाण्याची बाटली निघते, पण खालचा भाजीचा ट्रे बाहेर येत नाही. येतच नाही. आजही वहिनी खाली बसते, ट्रे तिरका करून त्यातली भाजी एकेक करून काढते आणि मग परत सरळ करते. मी गेले की ती मुद्दाम माझ्यासमोर भाजी काढते. बोलत काही नाही. शिवाय ग्रॅनाइटचे कोपरे मी काटकोनात ठेवले होते. पहिल्या वर्षी घरातल्या तिन्ही बायकांच्या उजव्या कमरेला, एकाच उंचीवर, एकसारखा निळा डाग असायचा. तेव्हापासून माझ्या प्रत्येक नकाशात कोपऱ्यावर लिहिलेलं असतं: दोन इंच गोल. तुमच्याकडेही दगड कापणाऱ्याला हे आधीच सांगून ठेवा. बसवून झाल्यावर घासायला तो येत नाही.

तर माझं माप. चार फूट बाय दोन फूट. हसू नका. लांबी उत्तर-दक्षिण, म्हणजे ओट्याला समांतर. ओटा आणि हे आयलंड यांच्यात चार फूट सोडा. घरात एकटीच बाई रांधत असेल तर साडेतीन फूट पुरतात. पण तुम्ही दोघी जावा आहात. एक ओट्याशी, एक आयलंडशी, पाठीला पाठ लावून उभ्या, आणि मधून तिसरी गरम कढई घेऊन जाणार, तर चारच हवेत. मग फ्रिजच्या बाजूला साडेचार फूट उरतात. दार उघडं असलं तरी अडीच फूट वाट राहते.

आणि ते खोलीच्या मधोमध असलंच पाहिजे, हे कोणी सांगितलं? मासिकातल्या फोटोत मध्ये असतं कारण फोटो तसा छान येतो. तुम्ही ते दक्षिणेकडे सरकवा. माजघराच्या दाराकडे तीन फूट ठेवा, आणि परसाच्या दाराकडे सलग पाच फूट मोकळे सोडा. पाच बाय साडेदहाची ही जमीन सासूबाईंची. त्यातले सिंकपाशी उभं राहणाऱ्या बाईला तीन फूट, परसाच्या वाटेला साडेतीन, मधले चार फूट त्यांना आणि त्यांच्या विळीला. मागच्या दाराची हवा लागते, आंगणात कोण आलं-गेलं दिसतं. सांबार निवडायला (पुण्या-मुंबईच्या वाचकांनो, कोथिंबीर) याहून चांगली जागा घरात नाही.

ही जमीन फक्त सासूबाईंसाठी आहे असंही समजू नका. उन्हाळ्यात कुरडयांचा चीक शिजवून सोऱ्या घेऊन बसाल, सरगुंडे वळायला शेजारच्या चार जणी येतील, त्या कुठे बसणार? आयलंडभोवती उभं राहून सरगुंडे वळणारी बाई मी पाहिली नाही. महालक्ष्म्यांचं काय? सोळा भाज्या निवडणं, पुरण वाटणं, आंबिलीचा गंज, कढीचा गंज, पंगत उठेपर्यंत भरून ठेवलेली भांडी. मी कोणत्याही स्वयंपाकघराची परीक्षा महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी घेते. त्या दिवशी ज्या स्वयंपाकघरात दोन बायकांचं भांडण होत नाही, त्याचा नकाशा चांगला. (भांडणाची इतर कारणं माझ्या कक्षेत येत नाहीत.)

आता त्यावर काय. गॅस घेऊ नका. यजमान रुसले तरी चालेल. तुमच्या खोलीचा पंखा कुठे आहे? स्लॅब टाकताना हुक मधोमधच सोडला असणार, सगळे तसाच सोडतात. आयलंडचा मध्य ओट्याच्या भिंतीपासून सात फुटांवर येतो, खोलीचा मध्य साडेसात फुटांवर. म्हणजे गॅस थेट पंख्याखाली. पुण्यातल्या घरात चालतं, कारण तिथे एसी असेल किंवा मे महिनाच तेवढा कडक नसेल. आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा पंखा बंद करून पोळ्या लाटणार का? पंखा चालू ठेवला तर ज्योत आडवी होते, तवा एका बाजूने तापतो, आणि मंद आंच फुंकर बसून विझली तर बटण उघडंच राहतं. कूलरचा झोत आला तर विचारूच नका.

दुसरं, सिलिंडर. गॅसची रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब घ्यायची नाही, फरशीखालून किंवा भिंतीतून तर ती मुळीच न्यायची नाही. म्हणजे सिलिंडर आयलंडच्या पोटातच ठेवावा लागणार. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो. बंद कपाटात साचला तर वास यायलाही वेळ लागतो. तांब्याच्या पाइपने बाहेरून आणता येतो, जाणकार फिटरकडून, पण त्यासाठी फरशी बसायच्या आधी सगळं ठरवावं लागतं, आणि पंख्याचं भांडण तरीही मिटत नाही. शिवाय मधल्या गॅसला भिंत नसते. फोडणीचं तेल चारही बाजूंना उडतं, आणि एका बाजूला तीन उंच खुर्च्यांवर पोरं बसलेली. गॅस ओट्यावरच राहू द्या, दक्षिणेकडच्या टोकाला. तिथे त्याच्या डोक्यावर भिंतीत एक्झॉस्ट बसवता येतो, आणि रांधणारीचं तोंड पूर्वेला राहतं. आग्नेयेला अग्नी, ईशान्येला पाणी. वास्तुशास्त्राशी माझं फारसं देणंघेणं नाही, पण इथे ते आणि माझी टेप एकच सांगतात, तर सासूबाईंना आवर्जून सांगा. घरातलं एक मत वाढेल.

जाऊबाईंचं सिंक. त्यांची तळमळ मला कळते. भाज्या धुऊन लगेच तिथेच चिरता येतील. पण सिंकबरोबर सांडपाण्याचा पाइप येतो. त्याला फुटाला पाव इंच तरी उतार द्यावा लागतो, म्हणजे परसापर्यंत आठ-नऊ फूट नेताना दोन इंचांहून जास्त. तो सगळा फरशीखालून. दारव्ह्याकडची जमीन काळी. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, हे शेतात दरवर्षी बघता. तेच घराखाली. पाइपचा एखादा जोड हलला तर वर काही दिसत नाही, खाली माती भिजत राहते, आणि दोन पावसाळ्यांनी फरशी मध्येच उचलते. मग फोडायची कुठे, हे शोधण्यातच दिवस जातात. तुमचं सिंक ओट्याच्या उत्तरेच्या टोकाला ठेवा, पाइप सरळ भिंतीबाहेर, मोरीच्या नालीत. झरला तर दिसतो, दिसला तर दुरुस्त होतो.

मग आयलंडवर राहिलं काय? मोकळी जागा. तीच त्याची खरी कामगिरी.

नकाशावाल्यांमध्ये एक त्रिकोण फार मानतात. गॅस, सिंक आणि फ्रिज ही तीन टोकं. प्रत्येक बाजू चार ते नऊ फूट, तिन्ही मिळून १३ ते २६ फूट. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून तो पुढे आला. त्याच्याही आधी, १९२६ मध्ये, जर्मनीतल्या फ्रँकफर्टसाठी मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी जेमतेम १.९ मीटर बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं होतं, एकीला कमीत कमी पावलं पडावीत म्हणून. दोन्ही गोष्टी हुशारीच्या आहेत, पण दोन्हींत गृहीत धरलेली बाई एकटी आहे, आणि ती खाली बसत नाही. तुमच्या खोलीत गॅस ते सिंक सात फूट, पण फ्रिज दोन्हींपासून अकरा फूट. बेरीज २९. नियमात नापास. मला त्याची काळजी वाटत नाही. गावाकडे दिवसातून फ्रिजपेक्षा जास्त फेऱ्या होतात माठाकडे आणि पिठाच्या डब्याकडे. म्हणून माठ ओट्याच्या उत्तर टोकाजवळ, पिठाचा डबा आयलंडच्या खाली, आणि फ्रिजमधून काढलेलं दूध, भिजवलेली कणीक, भाजी आधी आयलंडवर. अकरा फुटांचा पल्ला मध्येच मोडतो. चार बाय दोनचं टेबल एवढ्यासाठी पुरेसं आहे.

दोन फूट रुंदी का, तर तुमचा मोठा कोपर (म्हणजे परात) त्यावर पूर्ण बसला पाहिजे आणि समोर हात टेकायला चार बोटं उरली पाहिजेत. वेचणीच्या बायांची कणीक मळायचा कोपर घ्या, टेपने मोजा. माझ्या अंदाजाने दीड फुटाच्या आसपास भरेल. पावणेदोन फुटांहून मोठा निघाला तर रुंदी सव्वादोन करा, फ्रिजकडची वाट तेवढी सोसते. उंचीसाठी दुसरा कोपर मोजायचा, हाताचा. हात दुमडून सरळ उभ्या राहा, चप्पल घालून स्वयंपाक करत असाल तर चप्पल घालून, आणि जमिनीपासून कोपरापर्यंत माप घ्या. चिरण्यासाठी त्याच्या चार इंच खाली, मळण्या-लाटण्यासाठी आणखी दोन-तीन इंच खाली. मळताना वरून जोर द्यावा लागतो, ओटा उंच असला की खांदे भरून येतात. तुमचा ओटा ३३ किंवा ३४ इंचांचा झाला असेल तर आयलंड ३०-३१ ठेवा. दोघी जावांच्या उंचीत फरक असेल तर जी जास्त पोळ्या लाटते तिचं माप धरा. कोण जास्त लाटते हे मात्र तुम्ही दोघींनी आपसात ठरवा.

या उंचीला उंच खुर्च्या लागत नाहीत, साधं स्टूल पुरतं. यजमानांना तेवढं समाधान देता येईल: दक्षिणेच्या टोकाला दगड दहा इंच पुढे काढा, एक जण स्टुलावर बसून चहा पिऊ शकेल. एवढा पुढे काढायचा तर खालून लोखंडी ब्रॅकेट हवा, नाहीतर कोणीतरी हात टेकून वाकलं आणि दगड तुटला असं व्हायचं. तीन खुर्च्यांना प्रत्येकी दोन फूट लागतात, म्हणजे सहा फुटांची बाजू फक्त बसण्यात जाते. आणि गावात सांजच्याला जेवायला कोण खुर्चीवर बसतं? ज्या घरी मी अशा खुर्च्या पाहिल्या, तिथे महिनाभराने त्यांवर टॉवेल वाळत होते.

आता बांधायचं कसं, यात माझा आग्रह आहे. विटांचं पक्कं करू नका, निदान पहिलं वर्ष. गावातल्या वेल्डरकडून दीड इंची चौकोनी पाइपचा सांगाडा करून घ्या, वर ग्रॅनाइट किंवा कडप्पा. १८ मिलिमीटरचा चार बाय दोनचा ग्रॅनाइट ३५ ते ४० किलोचा होतो. खाली चांगली, ब्रेकची चाकं लावा, भारीतली घ्या, पलंगाची नकोत. काम करताना ब्रेक मारला की जागचं हलत नाही. महालक्ष्म्यांच्या दिवशी ढकलून सपरीत (पडवीत) नेता येतं, तिथे वाढपाचं टेबल होतं. कुरडयांच्या दिवसांत भिंतीला लावता येतं. तुमच्या माणसांच्या वाटा कुठून पडतात हे वर्षभरात कळेल, आणि मग पक्कं करायचं की नाही ते तुम्हीच सांगाल. खाली दोन फळ्या, एका फळीवर पिठाचे डबे, दुसरीवर कुकर-कढया. प्लायचे ड्रॉवर करायचेच असतील तर आयएस ७१० छाप बघून वॉटरप्रूफ प्लाय घ्या, आणि तरीही जमिनीला टेकू देऊ नका. उधई (वाळवी) तुमच्या गावात मला सांगायची गरज नाही. आणि ड्रॉवर फ्रिजच्या बाजूला उघडतील असे करू नका, उघडा ड्रॉवर आणि उघडा फ्रिज समोरासमोर आले की वहिनीची भाजी आठवा.

दिव्याबद्दल एक बारीक गोष्ट. दिवा पंख्याच्या वर लावला की पात्यांची सावली खाली फिरत राहते. चिरताना डोळ्यांना त्याचा फार त्रास होतो आणि बोट कापतं. दोन पट्टीचे दिवे पंख्याच्या दोन्ही बाजूंना, जरा खाली, भिंतींवर लावा.

आणि आता बाज. तुमच्या जुन्या घरातली बाज अजून आहे ना? मोजा. साधारण सहा बाय तीनच भरेल. म्हणजे यजमानांचं आयलंड घरात आधीपासूनच आहे. ती नव्या स्वयंपाकघरात, ते म्हणतात तिथे, नेऊन टाका. फ्रिजच्या जागी फ्रिज नसला तरी भिंतीला खडूने त्याची रुंदी आखा आणि जमिनीवर दोन फुटांवर रेघ मारा, ते उघडं दार. मग आठ दिवस सगळ्यांनी त्याच खोलीतून ये-जा करायची. यजमानांनी रोज सकाळी दोन गुंड पाणी परसातून माजघरात स्वतः न्यायचं, बाजेला वळसा घालून. तिसऱ्या दिवशी तुम्हाला त्यांना काही सांगावं लागणार नाही. मग बाज बाहेर काढा आणि चार बाय दोनचा चौकोन रांगोळीने आखा, त्यावर गव्हाची पोती रचा, कमरेइतकी. पुन्हा चालून पाहा. या वेळी सासूबाईंना विळी घेऊन त्यांच्या जागी बसवा आणि त्यांना हात पुढे-मागे करून बघू द्या. त्यांना जागा बदलून हवी असेल तर पोती सरकवायला कितीसा वेळ लागतो.

पोत्यांनीही अडचण वाटली, तर आयलंड नको. ओटा पश्चिमेच्या भिंतीला मांडणीखाली आणखी चार-पाच फूट वाढवा आणि मधली सगळी जमीन तशीच ठेवा. त्यात कमीपणा काही नाही. पण माझा अंदाज, चार बाय दोन बसेल.

एक काम मात्र आठ दिवस थांबायचं नाही. फरशी बसायच्या आधी विजेचा पाइप जमिनीतून टाकून घ्या. पूर्वेच्या भिंतीपासून आयलंडच्या जागेपर्यंत, ४ स्क्वेअर मिलिमीटरची तार जाईल एवढा जाड, स्वतंत्र. मिक्सरला साधा सहा अँपिअरचा सॉकेट चालतो, पण पुढेमागे इंडक्शन आलं तर सोळाचा लागेल, आणि घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असू द्या, ओल्या हातांचं घर आहे. पाइपचं तोंड जमिनीतून चार इंच वर काढून, पोचारा करताना पाणी जाणार नाही असं झाकण लावून ठेवा. आयलंड झालं नाही तर ते तोंड कापून वर एक फरशी बसते. झालं, आणि पाइप नसला, तर मिक्सरची वायर ओट्यावरून मधल्या चार फुटांत आडवी लोंबेल, आणि गरम कढई घेऊन तिथूनच जायचं आहे. फरशीवाला कधी येतो आहे? मिस्त्रींना उद्या सकाळीच सांगा.